चिन्ह कोणाचे, हात कोणाचा?

उपयोजित कलेच्या महाविद्यालयातून जो विद्यार्थी शेवटच्या वर्षी बाहेर पडतो, त्याच्याजवळ पदवीच्या कागदापेक्षाही महत्त्वाची अशी एक वस्तू असते. त्या व्यवसायात तिला पोर्टफोलिओ म्हणतात. चार वर्षांत केलेल्या कामातली निवडक दहा-बारा कामे तीत मांडलेली असतात, आणि नोकरी देणारा माणूस गुणपत्रिका बाजूला ठेवून आधी तीच पाहतो. आजच्या कोणत्याही विद्यार्थ्याचा पोर्टफोलिओ उघडला तर त्यात मुख्यतः दोन प्रकारची कामे दिसतील. पहिला प्रकार ब्रँडिंगचा : एखाद्या कॉफीच्या दुकानाचे, साबणाचे किंवा संगीतमहोत्सवाचे नाव, बोधचिन्ह, रंग, वेष्टन. दुसरा प्रकार डिजिटल चित्रणाचा : संगणकावर काढलेली पुस्तकांची मुखपृष्ठे, भित्तिचित्रे, लोककथेतील पात्रे, पावसातले शहर.

या कामांशी आपल्यासारख्या वाचकांचा काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. आपण शब्दांची चिकित्सा पुष्कळ केली. पाठ्यपुस्तकात आपण कसे आलो, कथा-कादंबरीत कसे आलो, भाषेत कोणत्या शिव्या म्हणून आलो, हे तपासले. चिन्हांची आणि चित्रांची चिकित्सा मात्र त्या मानाने फारच कमी झाली. वास्तविक आपल्या चळवळीने नाव आणि चिन्ह या दोन गोष्टींकडे कधीच दुर्लक्ष केलेले नाही. बाबासाहेबांनी १९२० मध्ये पत्र काढले त्याचे नाव ‘मूकनायक’. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’. १९३० मध्ये ‘जनता’. आणि १९५६ मध्ये त्याच ‘जनता’चे नाव झाले ‘प्रबुद्ध भारत’. मूक, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध. छत्तीस वर्षांच्या लढ्याचा आलेख या चार शीर्षकांत उभा आहे. आज ज्याला ब्रँडिंगचा विद्यार्थी ‘नामकरण’ म्हणतो आणि ज्यासाठी त्याला दोन आठवडे मिळतात, ते काम किती गंभीर असू शकते हे यावरून कळावे.

म्हणून ही कामे नेमकी काय असतात, ती कशी केली जातात आणि त्यांत आपल्या मुलांनी काय शोधावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

डाग आणि ओळख

‘ब्रँड’ या इंग्रजी शब्दाचे मूळ जाळण्याच्या क्रियेत आहे. तापवलेल्या लोखंडाने जनावराच्या कातडीवर मालकाची खूण उमटवायची, तिचे नाव ब्रँड. ही खूण जनावरांपुरती राहिली नाही. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉयल आफ्रिकन कंपनीने आफ्रिकेतून पकडून नेलेल्या माणसांच्या छातीवर ‘डीवाय’ ही अक्षरे डागली. ती ड्यूक ऑफ यॉर्क या त्या कंपनीच्या सरदार-मालकाची आद्याक्षरे होती. पुढे कारखानदारी वाढली, एकाच प्रकारचा माल अनेक जण बनवू लागले, तेव्हा ही खूण मालाच्या पेटीवर आणि बाटलीवर आली. इंग्लंडमध्ये व्यापारचिन्हांची नोंदणी १८७६च्या पहिल्या दिवशी सुरू झाली आणि पहिली नोंद झाली ती बास नावाच्या बिअरच्या लाल त्रिकोणाची.

महाविद्यालयात हा इतिहास सांगितला जातो तो बहुधा लाल त्रिकोणापासून. त्याच्या आधीची कातडी जळल्याची गोष्ट एका वाक्यात उरकली जाते. आपल्याला ती एका वाक्यात उरकता येणार नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके होते, याची नोंद बाबासाहेबांनी १९३६च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये केली आहे. ते झाडू आणि ते मडके म्हणजे लोखंडाशिवाय उमटवलेला डागच होता. दुरून पाहणाऱ्याला माणूस न ओळखता त्याची पायरी ओळखता यावी, एवढेच त्याचे प्रयोजन होते.

याचा अर्थ चिन्ह ही गोष्टच वाईट, असा नाही. दुसऱ्याने आपल्यावर उमटवलेली खूण आणि आपण विचार करून निवडलेली खूण या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिली डाग आहे, दुसरी ओळख. ब्रँडिंगच्या कोणत्याही कामाकडे पाहताना पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे : ही खूण कोणी ठरवली आणि ती कोणाच्या अंगावर आहे?

आता प्रत्यक्ष काम. विद्यार्थ्याला आधी एक ब्रीफ मिळते : संस्था कोणती, माल कोणता, गिऱ्हाईक कोण, प्रतिस्पर्धी कोण. मग तो पाहणी करतो. त्यानंतर नाव, आणि नावानंतर बोधचिन्ह. बोधचिन्ह दोन प्रकारचे असते. एकात नावाची अक्षरेच अशी घडवतात की तीच चिन्ह होतात. दुसऱ्यात अक्षरांवाचून एक आकृती असते. चिन्ह बरे की वाईट हे ठरवण्याच्या कसोट्या साध्या आहेत. नखाएवढे लहान केले तरी ओळखू येते का? रंग काढून नुसते काळ्यात छापले तरी टिकते का? रस्त्याच्या पलीकडून कळते का? एकदा पाहिलेल्या माणसाला ते दुसऱ्या दिवशी काठीने मातीत काढून दाखवता येईल का? यानंतर अक्षरवळण आणि रंग ठरतात, आणि शेवटी हे सारे कुठे कसे वापरावे याची नियमपुस्तिका तयार होते. पाटी, पिशवी, पावती, गणवेश, मोबाईलच्या पडद्यावरचा इवला चौकोन या सर्व ठिकाणी एकच चेहरा दिसला पाहिजे. या सातत्यालाच ब्रँडिंग म्हणतात. बोधचिन्ह हा त्याचा केवळ एक अवयव आहे.

एका पँथरचा प्रवास

या कसोट्यांना पूर्ण उतरलेले आणि आपल्याशी थेट नाते असलेले एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतील अलाबामा राज्यात लाउंड्स नावाचा एक जिल्हा आहे. १९६५च्या आरंभी या जिल्ह्यातील सुमारे ८० टक्के लोक काळे होते आणि मतदारयादीत काळा माणूस एकही नव्हता. तेथे स्टोकली कार्मायकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना संघटित केले व स्वतंत्र पक्ष उभा केला. निरक्षर मतदार पुष्कळ असल्यामुळे मतपत्रिकेवर प्रत्येक पक्षाला चिन्ह लागे. तिथल्या सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह होते पांढरा कोंबडा, आणि त्याच्याजवळ अनेक दशके गोऱ्यांच्या वर्चस्वाचे ब्रीद छापले जात होते. नव्या पक्षासाठी रूथ हॉवर्ड या कार्यकर्तीने आधी कबुतर सुचवले. ते कोणालाच पटले नाही. मग अटलांटाच्या क्लार्क कॉलेजच्या खेळाडूंचे चिन्ह असलेला पँथर तिच्या नजरेसमोर आला. डोरोथी झेलनर या दुसऱ्या कार्यकर्तीने तो रेखून स्वच्छ केला. झेप घेण्याच्या पवित्र्यातला काळा प्राणी. काळ्या शाईत छापायला सोपा, लांबून ओळखू येणारा आणि पांढऱ्या कोंबड्याला बिनशब्दांचे उत्तर देणारा.

ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला तो हाच प्राणी घेऊन. आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती हेच नाव घेऊन. एका कॉलेजच्या खेळाच्या मैदानावरून निघालेले चिन्ह सहा-सात वर्षांत मुंबईच्या वस्त्यांत पोचले. त्याच्यामागे कोणतीही जाहिरातसंस्था नव्हती. ज्यांना त्याची गरज होती त्यांनी ते उचलले.

आपल्याकडेही याच कारणाने चिन्हाला मोल आले. १९५१च्या जनगणनेत देशातली साक्षरता अवघी १८ टक्क्यांच्या आसपास होती. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उमेदवारांच्या वेगवेगळ्या मतपेट्या असत आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेले असे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. जो हत्ती एरवी राजाच्या स्वारीसाठी असे, तो गावकुसाबाहेरच्या माणसाच्या मताचा वाहक झाला. अक्षर न येणाऱ्या आईला तो ओळखता येत होता. चिन्ह म्हणजे चैन, असे ज्यांना वाटते त्यांनी या मतपेटीची आठवण ठेवावी.

ब्लॅक पँथरच्या गोष्टीत आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा माणूस आहे एमरी डग्लस. जन्म १९४३चा. पोरवयात सुधारगृहात गेला आणि तिथल्या छापखान्यात कामाला लागला. शाई, कागद, जुळणी यांच्याशी त्याची पहिली ओळख तिथे झाली. पुढे त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजमध्ये व्यापारी कलेचा अभ्यास केला. म्हणजे आजच्या भाषेत तो ग्राफिक डिझाइनचा विद्यार्थी होता; साबण आणि मोटारी विकण्याचे शास्त्र शिकत होता. १९६७ मध्ये बॉबी सील पक्षाच्या पत्राचा पहिला अंक टाइपरायटर आणि मार्कर घेऊन तयार करीत असताना डग्लस तेथे होता. मी मदत करतो, असे म्हणून तो घरी गेला आणि कॉलेजसाठी घेतलेले साहित्य घेऊन परतला. तेव्हापासून पक्षाच्या पत्राचे रूप त्याच्या हाताने घडले. पुढे तो पक्षाचा सांस्कृतिक मंत्री झाला. ऐन भरात त्या साप्ताहिकाचा खप एका लाखावर होता.

त्याच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. पैसे कमी, म्हणून बहुधा काळा आणि जोडीला एकच रंग. छपाई साधी, म्हणून लाकडाच्या ठशासारख्या जाड रेघा, ज्या वाईट कागदावरही फुटत नाहीत. करड्या छटांसाठी बाजारात मिळणारे ठिपक्यांचे तयार कागद कापून चिकटवलेले. अंकाचे शेवटचे पान बहुधा पूर्ण चित्राचे, म्हणजे ते भिंतीवर लावता यावे. लांबलचक लेख सगळे वाचणार नाहीत, पण चित्र सगळे पाहतील, हे त्याने ओळखले होते. त्याच्या चित्रांतली माणसे तरी कोण? केसांना कर्लर लावलेली आई, झाडू हातात घेतलेली मोलकरीण, १९६९ मध्ये पक्षाने सुरू केलेल्या मोफत न्याहारीची वाट पाहणारे पोर. जाहिरातीत ज्यांचा चेहरा कधी आला नव्हता त्यांचा चेहरा त्याने जाहिरातीच्याच तंत्राने मोठा केला. तंत्र त्याने कॉलेजातून घेतले, ब्रीफ मात्र आपल्या माणसांकडून घेतले. आपल्या विद्यार्थ्याने शिकण्याजोगा मुख्य धडा मला हा वाटतो.

संगणकावरचे चित्र

डग्लस कात्री आणि डिंक वापरत होता. आजचा विद्यार्थी पाटी-लेखणीसारखी दिसणारी टॅब्लेट वापरतो. दाब द्यावा तशी रेघ जाड होते, चुकले तर पुसण्याचे श्रम नाहीत. चित्र थरांत काढले जाते : एका थरावर रेघ, दुसऱ्यावर रंग, तिसऱ्यावर सावली, एकाला हात लावला तरी दुसरा बिघडत नाही.

दोन गोष्टींचा भेद मात्र पक्का समजला पाहिजे. काही चित्रे बारीक ठिपक्यांची बनलेली असतात. ती मोठी केली की ठिपके दिसू लागतात आणि चित्र फाटते. दुसऱ्या प्रकारात रेघ ही गणिताच्या सूत्राने साठवलेली असते. तिला व्हेक्टर म्हणतात. ती टपाल तिकिटाएवढी छापा की चाळीस फुटी फलकावर, तिची धार तशीच राहते. बोधचिन्ह नेहमी दुसऱ्या प्रकारात करावे ते यासाठी.

रंगाचेही तसेच. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो : लाल, हिरवा, निळा. छापखाना शाईने दाखवतो : आकाशी, गुलाबी, पिवळा, काळा. पडद्यावर लखलखणारा निळा कागदावर किंवा फ्लेक्सवर उतरला की जांभळट होतो, हा अनुभव १४ एप्रिलचा फलक छापून घेणाऱ्या प्रत्येक मंडळाला असेल. कारण इतकेच की शाईच्या मिश्रणात आकाशीच्या फार जवळ गुलाबी गेलेला असतो. दोहोंत साधारण तीस टक्क्यांचे अंतर ठेवले तर निळा निळाच राहतो. एवढी साधी गोष्ट वस्तीतल्या मुलाला कोणी सांगितली नाही, म्हणून आपले निळे झेंडे जांभळे छापले जातात.

पण चित्रण म्हणजे साधनांचे ज्ञान नव्हे. तो एक विचार आहे, आणि हा विचार किती दूर जाऊ शकतो हे २०११ मध्ये आलेल्या ‘भीमायन’ या चित्रपुस्तकात दिसते. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचे जीवन त्यात काढले आहे. संगणकाचा त्यात फारसा प्रश्न नाही; हाताने काढलेली चित्रे आहेत. त्यांनी पाश्चात्य पद्धतीच्या चौकटी नाकारल्या. बोलण्याचे फुगेही तसे ठेवले नाहीत. सोसणाऱ्या माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते आणि जातीचा विखार ओकणाऱ्याच्या बोलण्याला विंचवाची नांगी असते. वाचता न येणाऱ्यालाही कोण काय बोलत असेल ते कळते. आणखी कोणते प्रमाण हवे?

अलीकडे राही पुण्यश्लोक, सिद्धेश गौतम यांच्यासारख्या चित्रकारांनी संगणकावर काढलेली जातिविरोधी चित्रे मोबाईलवरून हजारो लोकांपर्यंत पोचली. पूर्वी चित्र लोकांपर्यंत जायचे तर संपादक, प्रदर्शनगृह किंवा छापखान्याचा मालक यांच्या दारातून जावे लागे. ते दार आता एकमेव राहिलेले नाही, ही मोठी गोष्ट आहे. मात्र सोयीबरोबर साचाही येतो. निळा कोट, हातात संविधान, वर उचललेले बोट, एवढ्यावर बाबासाहेबांचे चित्र संपू लागले. महाडच्या तळ्यावरची गर्दी, परळच्या चाळीतली अभ्यासाची खोली, छापखान्यात मुद्रिते तपासणारा संपादक, हे कोण काढणार? आता तर शब्द लिहिले की यंत्र चित्र काढून देते. यंत्र शिकते ते आधी काढलेल्या चित्रांवरून. जे पुष्कळ वेळा काढले गेले ते त्याला सहज येते. ज्यांची चित्रे कोणी काढलीच नाहीत त्यांच्यासाठी त्याच्याजवळ काही नसते. म्हणून आपली चित्रे आपणच आधी काढून ठेवली पाहिजेत.

अक्षरांविषयीही दोन शब्द. पुष्कळ विद्यार्थी बोधचिन्ह रोमन लिपीत घडवतात आणि देवनागरी नंतर कशीबशी बसवतात. देवनागरीला शिरोरेषा आहे, वर आणि खाली मात्रा-उकार आहेत, जोडाक्षरे आहेत. तिची उंची, तिचा श्वास वेगळा आहे. संगणकावरच्या ‘मंगल’ टंकाचे कर्ते र. कृ. जोशी यांच्यासारख्यांनी यासाठी आयुष्य वेचले. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे टंक आज कोणालाही विनामूल्य वापरता येतात. म्हणजे साधन नाही ही सबब उरलेली नाही.

कोल्हापुरीचा प्रकल्प

आता एका अशा कामाकडे वळू, जे आपल्या भागातल्या कला महाविद्यालयांत आवडीने दिले जाते : कोल्हापुरी चपलेचे ब्रँडिंग. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा एका प्रकल्पात सुंदर हातकागदाचा डबा होता, पैठणीच्या काठाची नक्षी होती, राजेशाही थाटाचे नाव होते आणि एका पगडीवाल्याचे चित्र होते. फक्त चप्पल कोण करतो याचा उल्लेख चोवीस पानांत कुठेही नव्हता. तो करणाऱ्या विद्यार्थ्याचे वडील स्वतः चपला शिवत होते. त्याला विचारले, तर तो म्हणाला, “सर, ते दाखवलं तर जुरीला ब्रँड ‘प्रीमियम’ वाटत नाही.”

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. चामडे पवित्र होते ते दुकानाच्या काचेत गेल्यावर, आणि हात अपवित्रच राहतो, हा या समाजाचा जुना व्यवहार आहे. तो मुलगा हा व्यवहार अचूक शिकला होता, एवढेच.

या वस्तूचा खरा अभ्यास केला तर काय सापडते पाहा. ढोर समाज कातडे कमावतो. हिरडा आणि बाभळीची साल यांच्या पाण्यात ते दीर्घकाळ मुरते. चांभार समाज त्याचे तळ, पट्टे, अंगठा बनवतो. वेणी विणणे आणि नक्षीची शिवण यांत बायकांचा हात मोठा. कापशी, कुरुंदवाडी, पुकरी ही प्रकारांची नावेच मुळी गावांची आणि कसबाची साक्ष आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी छत्रपती शाहू महाराजांनी या धंद्याला उत्तेजन दिले. इतकी सामग्री ज्या वस्तूपाशी आहे तिला पगडीवाला उसना आणावा लागतो, याचे कारण सौंदर्यशास्त्रात शोधून सापडणार नाही.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशनाची मान्यता मिळाली. ती महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे तिची नोंद आहे. विद्यार्थ्याने येथे कायद्यातला एक भेद शिकला पाहिजे. व्यापारचिन्ह एका मालकाचे असते. तो ते विकू शकतो. भौगोलिक निर्देशन त्या प्रदेशातल्या सर्व उत्पादकांचे असते. ते कोणाला विकता येत नाही. प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेता येते. म्हणजे कोल्हापुरी हा एक सामुदायिक ब्रँड आहे. पण सामुदायिक वस्तूला चेहरा देण्याचे काम आपल्या अभ्यासक्रमात क्वचितच शिकवतात. तिथे प्रत्येक ब्रीफमध्ये एक मालक गृहीत धरलेला असतो.

मग जून २०२५ आले. इटलीच्या प्राडा या कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यांचा उगम न सांगता. गदारोळ झाला, तेव्हा भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचे कंपनीने मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये त्या कंपनीचा दोन्ही महामंडळांशी करारही झाला. वर्तमानपत्रांनी याला भारतीय वारशाचा सन्मान म्हटले. वारसा भारताचा झाला, महाराष्ट्राचा झाला, कोल्हापूरचा झाला. ढोर आणि चांभार हे शब्द मात्र त्या जल्लोषात क्वचित ऐकू आले. अपमानाच्या वेळी वस्तू जातीची असते आणि सन्मानाच्या वेळी ती राष्ट्राची होते. चिन्हांचे राजकारण म्हणतात ते हेच.

याच्या उलट दिशेने गेलेले एक उदाहरण मुंबईत आहे. सुधीर राजभर यांनी आपल्या संस्थेचे नाव ‘चमार स्टुडिओ’ ठेवले. महाराष्ट्रात २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाल्यावर चामड्याचे कारागीर अडचणीत आले. त्यांच्यासह टाकाऊ रबरापासून पिशव्या आणि इतर वस्तू या संस्थेत बनू लागल्या. जो शब्द शिवी म्हणून फेकला जातो तोच महाग वस्तूवर छापायचा, असा हा निर्णय आहे. या निर्णयाविषयी मतभेद होऊ शकतात. जातीचे नाव मिरवून जात जाईल काय, हा प्रश्न रास्त आहे. जात मोडायची की तिची किंमत वाढवायची, हाही. पण नाव लपवून जात गेली नाही, हेही आपण पाहिले आहे. नामकरणाच्या पाठात विद्यार्थ्यांपुढे हा वाद ठेवला पाहिजे. कॉफीच्या दुकानाचे नाव ठरवण्यापेक्षा त्यातून ते अधिक शिकतील.

रस्ता आणि अडथळे

आपल्या मुलांना या क्षेत्रात जायचे तर रस्ता माहीत हवा. शाळेत असतानाच कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा द्याव्यात. बारावीनंतर राज्याची दृश्यकलेची सामायिक प्रवेशपरीक्षा आहे. मुंबईची सर जे. जे. उपयोजित कला संस्था, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, पवईच्या आयआयटीतील डिझाइनचे शिक्षण यांना वेगवेगळ्या परीक्षा आहेत, आणि सरकारी संस्थांत राखीव जागा आहेत. घरात पदवीपर्यंत पोचणारा मी पहिला. म्हणून अनुभवाने सांगतो की अनेकदा परीक्षेपेक्षा परीक्षेची बातमीच उशिरा पोचते. शिक्षकांनी हे काम आपले समजावे.

खर्च हा दुसरा अडथळा. संगणक लागतोच, ते टाळता येत नाही. पण महागड्या आज्ञावली घेतल्याच पाहिजेत असे नाही. व्हेक्टर कामासाठी इंकस्केप, चित्रणासाठी क्रिटा, पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस ही साधने विनामूल्य आहेत. तिसरा अडथळा मनातला आहे. आपली पुष्कळ मुले तालुक्याच्या डीटीपी केंद्रात किंवा फ्लेक्सच्या दुकानात कामाला असतात. जयंतीचे फलक, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या ती रात्रभर बसून करतात. महाविद्यालयात गेल्यावर हे काम लपवावेसे वाटते. ते लपवू नये. शंभर दुकानांच्या पाट्या केलेल्याला गिऱ्हाइकाची, घाईच्या छपाईची आणि रस्त्यावरच्या वाचनाची जी जाण असते ती वर्गात मिळत नाही. एमरी डग्लसला छापखान्याची ओळख कुठे झाली, ते आपण वर पाहिलेच.

चौथी गोष्ट व्यवहाराची. चळवळीचे काम म्हणून फुकट आणि बाजाराचे काम म्हणून स्वस्त, असे आपल्या मुलांचे दोन्हीकडून होते. काम घेताना मोबदला किती, किती वेळा बदल करून द्यायचे, मूळ फाइलवर आणि चित्रावर हक्क कोणाचा, चित्राखाली नाव येणार की नाही, हे लेखी ठरवावे. आपल्या मंडळांनी आणि नियतकालिकांनीही हा नियम पाळावा. मुखपृष्ठ करणाऱ्याचे नाव आत छापणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

यापुढे कोणताही विद्यार्थी आपले काम दाखवायला आला की त्याच्या शिक्षकाने चार प्रश्न विचारावेत. ही वस्तू कोणाच्या हाताने होते, आणि तो हात तुझ्या कामात कुठे आहे? तू तिला दिलेले नाव तो कारागीर आपले म्हणेल काय? तुझे चिन्ह अक्षर न येणाऱ्या माणसाला ओळखता येईल काय? आणि वाढलेल्या किमतीतला किती भाग त्या हातापर्यंत जाईल? शेवटचा प्रश्न कलेचा नाही, असे परीक्षक म्हणतील. त्यांना सांगावे की कोल्हापुरी चपलेच्या चोवीस पानांत एक पान हिशेबाचे घालायला जागा निघते.